खेळ थांबवायला किती मते लागतात?
(सभासद शिक्षण : अभ्यास-पाठ)



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस हाती पडली की आपल्यापैकी बरेच जण ती घडी घालून खिशात ठेवतात. सभेला जातात, हार-तुरे होतात, अहवाल वाचला जातो, मागून कोणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणतो आणि आपण जेवणाच्या पंगतीकडे वळतो. ठराव किती मतांनी मंजूर झाला, कोणत्या ठरावाला साधे बहुमत पुरते आणि कोणत्याला पुरत नाही, हे विचारले तर दहातले नऊ जण डोके खाजवतील. आम्हीही त्याच नऊांतले होतो. आमचे डोळे उघडले ते एका खेळाने. यंदाच्या पाठात त्या खेळाची हकिगत सांगतो. खेळ परक्या मुलखातला आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या घरचाच आहे : एखादी गोष्ट संपवायची असेल तर कोणी आणि किती जणांनी 'हो' म्हणावे?

खेळ कोणता?

खेळाचे नाव 'डिप्लोमसी'. आपण त्याला मुत्सद्देगिरीचा डाव म्हणू. ॲलन कॅल्हॅमर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तो १९५४ च्या सुमारास रचला आणि १९५९ साली पदरमोड करून त्याच्या ५०० प्रती काढल्या. हे गृहस्थ पुढे टपाल खात्यात पोस्टमन होते. २०१३ साली ते वारले.

पटावर १९०१ सालच्या युरोपचा नकाशा असतो आणि खेळणारे सात : इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. नकाशावर ३४ रसदीची ठाणी. जितकी ठाणी ताब्यात, तितक्याच फौजा आणि आरमारे बाळगता येतात. सुरुवातीला रशियाकडे चार, बाकीच्यांकडे तीन-तीन आणि १२ ठाणी मोकळी. ज्याच्या हाती १८ ठाणी येतील तो जिंकला. चौतिसांत अठरा, म्हणजे निम्म्याहून एक जास्त.

या खेळात फासा नाही, सोंगटीचे नशीब नाही. आधी सगळे जण कोपऱ्यात जाऊन कुजबुजतात, वायदे करतात. मग प्रत्येक जण आपला हुकूम गुपचूप कागदावर लिहितो आणि सगळे कागद एकदम उघडतात. वायदा पाळलाच पाहिजे असे बंधन नाही. दोघांचे बळ सारखे असेल तर हल्ला करणारा हटतो, ठाण मांडून बसलेला टिकतो. त्यामुळे शेजाऱ्याने आधार दिल्याशिवाय कोणाचेच पाऊल पुढे पडत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कोणालाच अठरा ठाणी मिळेनात तर काय? नियम असा की पटावर ज्यांचे मोहरे शिल्लक आहेत ते सारे आपसांत ठरवून डाव बरोबरीत सोडवू शकतात. मात्र एकूण एक जण राजी हवा. एकाने जरी 'नाही' म्हटले तरी डाव पुढे चालू. आणि बरोबरी झाली की वाटा सर्वांना सारखा, मग कोणाची ठाणी सोळा असोत की दोन.

आमचे दोन रविवार

गळीत हंगाम संपल्यावर मे महिन्यात आम्ही हा खेळ गट ऑफिसात मांडला. पेटी एका सभासदाच्या मुलाने पुण्याहून आणली होती. सात जण बसले. तुर्कस्तान आप्पांकडे, इंग्लंड अक्कांकडे, फ्रान्स तात्यांकडे, जर्मनी बापूंकडे, रशिया नानांकडे; इटली आणि ऑस्ट्रिया दोन शिक्षकांनी घेतले. कागद गोळा करायचे आणि भांडणे सोडवायची, हे काम आमच्याकडे.

पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत तिघांचा निकाल लागला. दोन्ही गुरुजी गेले, पाठोपाठ नाना गेले. उरले चौघे. आप्पांकडे १५ ठाणी, अक्कांकडे ८, तात्यांकडे ७ आणि बापूंकडे ४. चहा आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "आता पुरे करा की. चौघांची बरोबरी लावा आणि घरी चला, धारा काढायच्यात."

आम्ही तोंडी विचारले. चौघेही "हो, हो" म्हणाले. आप्पा तर मोठ्या मनाने म्हणाले, "आपली काय हरकत नाही बुवा."

आम्ही म्हणालो, तोंडी नको. चिठ्ठी टाका. चार चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या. उघडल्या तर तीन 'हो' आणि एक 'नाही'!

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिले. पंधरा ठाणी त्यांची, आणखी तीन मिळाली की डाव खिशात. "आप्पा, तोंडावर एक आणि डब्यात एक?" असे बापूंनी ऐकवलेही. आप्पांनी गळ्याची आण घेतली, पण ऐकतो कोण! डाव पुढच्या रविवारवर गेला.

पुढच्या रविवारी उलगडा झाला. तात्यांनी बापूंवर हल्ला चढवला. हिशोब सरळ होता : बापूंना पटावरून उठवले तर वाटेकरी चाराचे तीन होतील, पाव हिस्स्याऐवजी तिसरा हिस्सा पदरात पडेल. बापूंनी फौजा पश्चिमेकडे वळवल्या. तिकडे पूर्वेचा बांध उघडा पडला आणि आप्पांनी वॉर्सा घेतले. पाठोपाठ अक्कांकडून सेंट पीटर्सबर्ग घेतले. आप्पा झाले सतरा. आणखी एक ठाणे, की खेळ खलास. तात्यांना ना पाव ना तिसरा, हाती शून्य.

मग तात्यांना घाम फुटला. ज्या बापूंना बुडवायला निघाले होते, त्यांच्याच म्युनिकला बर्गंडीतल्या फौजेचा आधार द्यावा लागला. अक्कांनी उत्तरेकडून आरमार लावले. आप्पांनी वर्षभर, म्हणजे पटावरचे एक वर्ष, धडका मारल्या. बांध फुटला नाही. शेवटी आप्पाच म्हणाले, "टाका चिठ्ठ्या." या वेळी चारही 'हो'.

खेळ संपल्यावर तात्यांनी हसत कबूल केले, "मागल्या रविवारची 'नाही' माझी होती." बापूंनी आप्पांची माफी मागितली. बाजूला बसलेले नाना मात्र कुरकुरले, "चौघांनी वाटून घेतलं. सकाळपासनं आम्ही पण राबलो, आमचं मत कुठाय?"

या एवढ्या हकिगतीत मतदानाचे चार धडे आहेत.

पहिला धडा : मत कोणाला?

पटावर मत फक्त त्याला, ज्याचा मोहरा शिल्लक आहे. हरलेला नाना मतदार नाही. जे लढतात तेच मत देतात आणि तेच वाटा घेतात. देशाच्या निवडणुकीत नेमके उलटे आहे. लढणारे मूठभर आणि मत देणारे कोट्यवधी. १९५१-५२ साली आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर चिन्ह. ज्याच्याकडे एक गुंठा जमीन नाही त्यालाही मत आणि ज्याच्याकडे शेकडो एकर त्यालाही तेवढेच. वयाची अट तेव्हा २१ होती. ती १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ वर आली.

आणखी एक फरक. खेळात हरलेला पुन्हा पटावर येत नाही. निवडणुकीत हरलेला पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो. बरोबरीचे मत खेळ बंद करते. निवडणुकीचे मत कारभारी ठरवते आणि त्याची मुदतही बांधून देते. खेळ चालूच राहतो.

दुसरा धडा : मताचे वजन किती?

आप्पांची ठाणी सतरा, बापूंची तीन. पण चिठ्ठी दोघांची एकच आणि वाटाही सारखाच. आप्पांना ते थोडे लागले. "सतरा ठाणी माझी आणि हिस्सा बापूएवढाच?" असे ते म्हणालेच. यावर अक्कांनी दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे : "आप्पा, आम्ही तिघं बांधावर उभे नसतो तर तुम्ही जिंकला असता. उभे राहिलो, त्याचाच हा हिस्सा."

सहकारी सभासदाला हे नवे नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या २७ व्या कलमात हेच तत्त्व आहे. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत, आणि ते स्वतः हजर राहून द्यायचे. आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवून चालत नाही. कंपनीत शेअर मोजतात, सहकारात माणसे मोजतात. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला, तेव्हापासून या पायावरच सहकारी साखर कारखानदारी वाढली आहे.

तिसरा धडा : मत उघड की गुप्त?

तोंडी चौघेही 'हो' होते. डब्यात तीनच निघाले. उघड मतात माणूस शेजाऱ्याचे तोंड बघतो, चिठ्ठीत स्वतःच्या मनाचे लिहितो. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ साली गुप्त मतदानाचे कायदे केले आणि ब्रिटनने १८७२ साली तीच वाट धरली. त्याआधी इंग्लंडातले कूळ जमीनदाराच्या देखत मत सांगत असे. ते मत कोणाचे असेल, हे तुम्हीच ओळखा.

गुप्त मताला दुसरीही बाजू आहे. डब्यातली 'नाही' कोणाची हे न कळल्यामुळे निरपराध आप्पांना बोलणी बसली. म्हणून नियम असा धरावा : माणसे निवडताना मत गुप्त असावे, म्हणजे कोणाला भीड पडणार नाही. पण आपण निवडून दिलेला प्रतिनिधी आपल्या वतीने मत देतो तेव्हा ते शक्यतो उघड असावे, म्हणजे त्याने काय केले याचा जाब आपल्याला विचारता येईल.

चौथा धडा : किती मतांनी?

हा धडा सर्वांत महत्त्वाचा. एकमत हा शब्द कानाला गोड लागतो. पण एकमताची अट म्हणजे शेवटच्या माणसाच्या हाती दिलेली किल्ली. तात्यांच्या एका चिठ्ठीने तिघांची इच्छा अडली. इथे खेळ होता, बिघडले काही नाही. एका देशात मात्र हेच झाले आणि देश बुडाला.

तो देश पोलंड. तिथल्या संसदेत, सेइममध्ये, प्रत्येक सरदार-प्रतिनिधीला नकाराधिकार होता. एकाने 'मला मान्य नाही' म्हटले की अधिवेशन मोडले आणि त्यातले सगळे ठराव रद्द. १६५२ साली सिचिन्स्की नावाच्या एका प्रतिनिधीने अधिवेशनाची मुदत वाढवायला विरोध केला आणि एकट्याच्या विरोधाने कामकाज थांबले. तेव्हापासून ही चाल पडली. अठराव्या शतकात अधिवेशनामागून अधिवेशन मोडत गेले. शेजारच्या राजांना तर हे फावलेच : सगळी संसद विकत घ्यायची गरज नाही, एक माणूस फोडला की काम झाले. सैन्य वाढवायचे ठराव अडले, कराचे ठराव अडले. शेवटी ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने ही प्रथा बंद केली, पण उशीर झाला होता. १७७२ साली देशाचा एक लचका गेलाच होता. १७९३ आणि १७९५ साली उरलेलाही रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने मिळून वाटून घेतला. १९१८ पर्यंत पोलंड नकाशावर नव्हते. आपल्या खेळाच्या पटावर १९०१ साल आहे, म्हणून त्यावर पोलंड हा देशच नाही. आप्पांनी बापूंकडून घेतलेले वॉर्सा, पोलंडची राजधानी, पटावर रशियाचे ठाणे म्हणून छापलेले आहे. एकमताच्या हट्टाची खूण अशी पुठ्ठ्यावर उरली आहे.

आता दुसरे टोक पाहा, साधे बहुमत. लोकसभेत ५४३ जागा आहेत, २७२ मिळाल्या की बहुमत झाले. मतदारसंघात तर निम्मी मतेही लागत नाहीत, इतरांपेक्षा एक जास्त मिळाले की झाले. पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, मते मात्र सुमारे ४५ टक्के होती. सरकार जायलाही एकच मत पुरते. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने सरकार पडले आणि देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. यात अन्याय वाटेल, पण आडकाठी नाही. कोणीही एकटा माणूस देशाची निवडणूक अडवून ठेवू शकत नाही, आणि आज घेतलेला निर्णय पाच वर्षांच्या आत फिरवता येतो.

पण जो निर्णय सहजी फिरवता येत नाही, त्याचे काय? ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावर २३ जून २०१६ रोजी जनतेचा कौल घेतला. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. साध्या बहुमतावर चाळीसहून अधिक वर्षांचा संसार मोडायचे ठरले. मोडण्याच्या अटींवर पुढे साडेतीन वर्षे भांडणे झाली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. निर्णय बरा की वाईट, हा आपला विषय नाही. आपला विषय एवढाच की कारभारी बदलणे वेगळे आणि घर मोडणे वेगळे. दोन्हींना एकच माप लावावे का?

आपल्या घरचे माप

आपला सहकार कायदा या प्रश्नाला चांगले उत्तर देतो. नेहमीच्या ठरावांना साधे बहुमत; समसमान मते पडली तर अध्यक्षांचे निर्णायक मत. संस्थेचे विलीनीकरण किंवा विभाजन करायचे असेल तर विशेष सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत. आणि संस्था गुंडाळण्यासाठी सभासदांनीच निबंधकाकडे अर्ज करायचा असेल, तर त्यासाठी खास बोलावलेल्या सभेत हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांशांचा ठराव लागतो.

म्हणजे पायऱ्या कशा आहेत पाहा. रोजच्या कारभाराला निम्म्याहून एक जास्त, घराची रचना बदलायला तिघांत दोघे, घर बंद करायला चौघांत तिघे. पण चौघांत चौघे कुठेच नाही. एकट्याच्या हाती किल्ली दिलेली नाही आणि निसटत्या बहुमताच्या हातीही घराची कुदळ दिलेली नाही. खेळाचा नियम आणि निवडणुकीचा नियम यांच्या मधली ही वाट आहे, आणि ती आपल्या वडीलधाऱ्यांनी विचारपूर्वक पाडलेली आहे.

तरीही एक मेख आहे, ती नजरेआड करू नका. वरची सर्व मापे 'हजर' सभासदांची आहेत. दहा हजार सभासदांच्या संस्थेत समजा चारशेच सभेत बसले आणि सभा कायदेशीर ठरली, तर तीनशे जणांच्या हातांनी दहा हजारांचे घर बंद करण्याचा ठराव होऊ शकतो. नऊ हजार सहाशे जण नानांसारखे बाजूला बसलेले. फरक एवढाच की नानांना पटावरून उठवले होते, आपण आपल्या पायांनी उठून गेलेलो असतो.

'बिनविरोध' या शब्दाचेही तसेच. निवडणूक बिनविरोध झाली की खर्च वाचतो, भाऊबंदकी टळते, हे खरे. पण बिनविरोध म्हणजे एकमत नव्हे. चार पुढारी बसून जागा वाटून घेतात तेव्हा ती पटावरची बरोबरी असते. ज्यांचे मोहरे शिल्लक त्यांनी आपसांत केलेली. त्या वाटणीला आपली खरोखर संमती होती का, हे चिठ्ठी टाकल्याशिवाय कळत नाही. आमच्या तोंडी मतातही चौघे 'हो' होते, हे विसरू नका.

तेव्हा येत्या सभेची नोटीस घडी घालण्याआधी वाचा. प्रत्येक विषयापुढे पेन्सिलीने लिहा : साधे बहुमत, दोन तृतीयांश की तीन चतुर्थांश? शंका असेल तर सचिवांना विचारा, तो आपला हक्क आहे. ठराव टाकल्यावर 'मंजूर' म्हणण्याआधी मते मोजायला सांगा. आणि घाई असली तरी मोजणी होईपर्यंत थांबा. धारा काढायला थोडा उशीर झाला तर म्हैस रागावेल, पण कारखाना राहील.

अभ्यासासाठी प्रश्न (गटात बसून चर्चा करावी)

१. तात्यांची 'नाही' कायदेशीर होती. ती योग्य होती का? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय लिहिले असते?
२. सतरा ठाणीवाल्याला आणि तीन ठाणीवाल्याला सारखा वाटा, हे तुम्हाला पटते का? एक सभासद एक मत या तत्त्वाशी ताडून पाहा.
३. पोलंडच्या संसदेत एकमताऐवजी तीन चतुर्थांशांची अट असती, तर शेजारच्या राजांचे काम किती अवघड झाले असते?
४. गेल्या तीन वार्षिक सभांना तुम्ही हजर होता का? त्यांतल्या कोणत्या ठरावाला 'मंजूर' म्हणालात, हे आठवते का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर गटात सांगायची गरज नाही. ते ज्याने-त्याने चिठ्ठीवर लिहावे आणि स्वतःपाशी ठेवावे.